घरातलं सभेत

कारखान्यात तिला सगळे तराजूबाई म्हणायचे. वरवर ती कानाडोळा करायची, पण आतून तिला ते नाव फार आवडायचं. शिलाई विभागाची ती सुपरवायझर होती. जादा काम कुणाला द्यायचं, सुट्टी आधी कुणाची, नवं मशीन कुणाच्या पुढ्यात ठेवायचं, अशी सगळी भांडणं तिच्यापाशी येऊन मिटायची. एकदा तिने आपल्या सख्ख्या मैत्रिणीचा उशिरा आल्याबद्दल अर्ध्या दिवसाचा पगार कापला आणि त्याच संध्याकाळी तिच्याच घरी जाऊन चहा प्यायली. चहा जरा कडूच लागला, पण मिळाला. "बाई कडक आहे, पण कुणाची नाही," असं बायका म्हणायच्या. ते तिच्या कानावर येईल एवढ्या मोठ्याने म्हणायच्या.

म्हणूनच कामगारांच्या आरोग्य मंडळावर ती दर वेळी बिनविरोध निवडून यायची. मंडळाचं काम सोपं होतं. प्रत्येकाच्या पगारातून थोडी वर्गणी कापायची, थोडी भर मालकाने घालायची आणि त्यातून सगळ्यांचा मिळून आरोग्य विमा काढायचा. कुणाचं बाळंतपण, कुणाचं अपेंडिक्स, कुणाच्या सासूचा गुडघा, असं सगळं त्यातून निभावून जायचं. मंडळाचा एक जुना नियम होता. कुणाला कामावरून कमी केलं, तर सरकारी बेकारभत्ता मिळतोय तोवर त्याला विम्यात ठेवायचं आणि त्याचा हप्ता मंडळाने भरायचा. आजवर असे लोक एखाद-दुसरेच असत, त्यामुळे त्या नियमाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात कटिंग मास्टर होता. लहानपणी अंगाने इवलासा म्हणून त्याला घरात चिमण्या म्हणत. आता चाळिशी उलटली, मिशीत पांढरे केस आले, तरी बहिणीच्या तोंडी तो चिमण्याच होता. हातभर उंच कापडाची चळत तो एका दमात कापायचा. त्याने कापलेल्या बाह्या शिवायला घेतल्या की बायका म्हणायच्या, हे कापड आपलं आपणच जुळतं, आपण नुसती सुई चालवायची.

मग मालकाने कापडं कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन आणलं आणि कटिंगची सगळी माणसं एका झटक्यात घरी बसली. चिमण्याही बसला. त्याच सुमारास विमा कंपनीचा नवा दर आला. हप्ता जवळजवळ दीडपट झाला होता. म्हणजे एकीकडे घरी बसलेल्यांचा हप्ता मंडळाच्या गळ्यात, आणि दुसरीकडे हप्ताच वाढलेला. कारखान्यात कुजबुज सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की तोच विषय निघायचा.

एका रविवारी ती भावाकडे गेली. तो घरात नव्हता. भावजय स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. तिने चहा टाकला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हालाच सांगते, कुणाला बोलू नका. हे सकाळी उठतच नाहीत हो. अकरा-अकरा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असतात. झोपलेले नसतात. डोळे उघडे असतात. मी हाक मारली की म्हणतात, उठून करू काय?"

तिने भावजयीच्या पाठीवर हात ठेवला. "होईल नीट. मी आहे ना," असं म्हणाली. आणि तेव्हा ते तिला मनापासून वाटत होतं.

त्याच आठवड्यात मंडळाने सभा बोलावली. कामाची पाळी संपल्यावर कॅन्टीनमध्ये टेबलं भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष होते कारखान्याचे वायरमन. माणूस सज्जन, पण सभा म्हटली की घाम फुटणारा. त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि त्यानेच टेबलावर टकटक करत म्हणाले, "मंडळी, प्रश्न एवढाच आहे. घरी बसलेल्यांना विम्यात ठेवायचं, की नियम बदलायचा? ठेवायचं तर सगळ्यांची वर्गणी वाढेल. बोला."

सगळे एकदमच बोलू लागले. कुणी म्हणालं, भत्ता मिळतोय ना त्यांना, त्यातून भरू देत. कुणी म्हणालं, त्या भत्त्यात घरभाडं भागत नाही, हप्ता कुठून भरणार? काज विभागातल्या मावशी कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आज कटिंग गेलं. उद्या काज करायचं मशीन आणतील. तेव्हा माझ्यासाठी कोण बोलेल रे?"

इस्त्री विभागातला एक जण उठला. त्याला सगळे वाफारा म्हणत, कारण दिवसभर तो वाफेत उभा असायचा आणि त्याचा पाराही तसाच चढलेला असायचा. "मावशी, माझ्या बायकोला रोजची औषधं आहेत," तो म्हणाला. "वर्गणी वाढली तर ती मी कुठून आणू? मला कुणाचं वाईट करायचं नाहीये. पण काम न करणाऱ्याचा दवाखाना मी किती दिवस भरायचा?" मग त्याने बाईंकडे पाहिलं. "आणि बाईंना विचारूच नका. त्यांचा भाऊ आहे त्यांच्यात. बाईंचा काटा आज कुठे झुकणार ते आम्हाला ठाऊक आहे."

दोन-चार जण हसले. हसू साधंच होतं, त्यात विष नव्हतं. पण तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. इतक्या वर्षांत असं कुणी तिच्या तोंडावर बोललं नव्हतं. ती उठून उभी राहिली. खरं तर आपण काय बोलणार, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. नियम आहे तसाच ठेवावा, असं तिचं मत होतं. कालच तिने ते नवऱ्याला बोलूनही दाखवलं होतं. पण आत्ता तेच बोलली असती तर सगळ्यांना वाटलं असतं, बघा, भावाची बाजू घेतली.

"मला भाऊ-बिऊ काही नाही," ती म्हणाली. "इथे मी मंडळाची सभासद आहे. सरळ विचार करा. आपण सकाळी सातला मशीनवर बसतो. कंबरेचा काटा ढिला होईपर्यंत शिवतो. आणि ज्यांना भत्ता मिळतो ते काय करतात?"

कॅन्टीन शांत झालं. सगळे आपल्याकडे बघताहेत, हे तिला कळलं आणि ते तिला आवडलं. तिथेच तिची जीभ सुटली.

"एकाचं तर मला घरातून माहीत आहे. अकरा वाजेपर्यंत अंथरूण सोडत नाही. बायको उठवते, तर विचारतो, उठून करू काय? आता अशा माणसाला आजार तरी कसला होणार? झालाच तर पाठीला गादीचे वळ उठतील!"

सगळं कॅन्टीन खदखदून हसलं. वाफाऱ्याने तर टाळी वाजवली. कोण तो 'एक', हे न कळण्याइतकं तिथे कुणी खुळं नव्हतं. सख्ख्या भावालाही बाईने सोडलं नाही, म्हणून तर ते जास्तच हसले. वायरमननी हात वर करायला सांगितले. नियम बदलण्याच्या बाजूने हातच हात वर झाले आणि तिचाही त्यांत होता. मावशींनी तेवढा हात मांडीवरच ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

हात खाली घेताना तिची नजर पाठीमागच्या भिंतीकडे गेली. पाण्याच्या पिंपाशी कटिंगची तीन-चार माणसं उभी होती. त्यांना मत नव्हतं, पण ऐकायला यायला कुणाची मनाई नव्हती. त्यांच्यात चिमण्या होता. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता. त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, विसळला आणि पालथा घातला. मग सभा उठल्यावर नेहमी जे करायचा तेच त्याने केलं. खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी रचू लागला. बाहेर जायची वाट त्याच्या शेजारून होती. ती स्वयंपाक्यांच्या दाराने, भांड्यांच्या ढिगातून वाट काढत मागच्या मागे निघून गेली.

त्यानंतर ती भावाकडे फिरकली नाही. आज काम आहे, उद्या पाहुणे आहेत, असं स्वतःलाच सांगत राहिली. त्याचाही फोन आला नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, "चिमण्याचं काय?" तर ती त्याच्यावरच खेकसली. पण कारखान्यात मात्र तिचा मान वाढला होता. वाफारा येता-जाता 'बाई, नमस्कार' म्हणायचा. तो नमस्कार झाला की तिला हात धुवावेसे वाटायचे.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत पहारेकऱ्याने निरोप आणला, गेटवर भावजय आली आहे. ती तशीच खरकट्या हाताने बाहेर धावली. भावजय कुंपणाला टेकून उभी होती. चेहरा ओढलेला होता. तिने आत यायला नकार दिला.

"मागायला नाही आले मी," ती म्हणाली. "सांगायला आले. उद्या म्हणू नका, कळवलं नाही."

"काय झालं?"

"त्यांचा उजवा डोळा गेल्यात जमा आहे. आधी डोळ्यापुढे चमकायचं, काजवे चमकल्यासारखं. मग काळे ठिपके. मग एका बाजूने काळोख सरकत सरकत आला. तीन आठवडे झाले. मला चार दिवसांपूर्वी कळलं, दाराच्या चौकटीवर आपटले तेव्हा."

"दवाखान्यात?"

"सरकारी दवाखान्यात गेलो. म्हणाले, तपासायला डॉक्टर पुढच्या महिन्यात. खासगीत विचारलं तर..." भावजयीने नजर वळवली. "हेच म्हणाले, विमा गेला, आता उगाच खर्च नको. आपोआप बरं होईल."

काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "सकाळी उठतो का आता?"

भावजयीने तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "उठतात. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून सहाला उठतात. अंघोळ करून, डबा घेऊन बाहेर पडतात. बागेत जाऊन बसतात दिवसभर. कुणी म्हणू नये म्हणून."

तिने त्याच पावली सुट्टी टाकली. नवऱ्याला फोन करून बँकेतली ठेव मोडायला सांगितली आणि गाडी करून तडक बागेत गेली. चिमण्या एका बाकावर ताठ बसला होता. डबा मांडीवर होता, इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. कामावर असल्यासारखाच. ती उजव्या बाजूने आली, ते त्याला दिसलंच नाही. तिने खांद्याला हात लावला तसा तो दचकला.

"ताई? तू इथे कशी?"

"ऊठ," ती म्हणाली आणि तो शब्द तोंडातून निघाला मात्र, तिने जीभ चावली.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दिव्याचा उजेड पाडून पाडून पाहिलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. "हे असं चमकायला लागलं की त्याच दिवशी यायचं असतं," त्या म्हणाल्या. "इतके दिवस थांबलात कशाला?"

ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. आता हा सांगेल, असं तिला वाटलं. सांगावंच, असंही वाटलं.

"मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला," चिमण्या म्हणाला.

"विमा आहे?"

"होता."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. चिमण्याने बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. त्याने नुसतं बोट दाखवलं असतं, तरी तिला श्वास घेता आला असता.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पडदा जागेवर बसावा म्हणून डोळ्यात हवेचा फुगा सोडला होता, आणि त्यामुळे आठवडाभर चिमण्याला मान खाली घालून पालथं पडायचं होतं. खायला उठायचं तेही मान खाली घालूनच. ती रोज कामावरून थेट त्याच्याकडे जायची. तो पलंगावर पालथा, कपाळ दुमडलेल्या टॉवेलवर टेकलेलं. त्याच्या डोक्यामागचं टक्कल तिने पहिल्यांदाच एवढं जवळून पाहिलं.

दोन दिवस ती नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी त्या टकलाकडे बघत म्हणाली, "चिमण्या, मी सभेत जे बोलले ते..."

"खोटं कुठे बोललीस?" उशीतून आवाज आला. "मी उठत नव्हतोच."

"तरी मी बोलायला नको होतं."

"नकोच होतं," तो म्हणाला. "मला हसले त्याचं काही नाही गं. मीही हसलो असतो कदाचित, दुसऱ्याचं असतं तर. पण ते 'उठून करू काय' मी एकीलाच म्हणालो होतो. सभेतून घरी आलो तर ती विचारायला लागली, काय झालं सभेत. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीने सांगितलं तिला, हसत हसत. तेव्हापासून ती माझ्याकडे सरळ बघत नाही. वाटतं तिला, आपण नवऱ्याला बाजारात नेऊन बसवलं." त्याने उशीत डोकं जरा हलवलं. "माझी माफी राहू दे. तिच्याकडे जा आधी."

ती स्वयंपाकघरात गेली. भावजय भांडी पुसत होती. तिने वाटेत शब्द जुळवले होते, पण तिथे पोचेपर्यंत ते सगळे विस्कटले. "माझं चुकलं," एवढंच म्हणाली.

भावजयीने ताटली पुसली, फळीवर ठेवली आणि दुसरी घेतली. "मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, ताई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता की डोळ्यांत पाणी नव्हतं. "माझ्या आईलासुद्धा नव्हतं सांगितलं."

ती ओट्यावरचं दुसरं फडकं घेऊन पुसायला लागली. भावजयीने ते हलकेच तिच्या हातातून काढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तिने वायरमनना गाठलं आणि पुन्हा सभा लावायला सांगितलं. ते घाबरले. "बाई, एकदा मिटलंय, कशाला उकरायचं?" पण ती हटली नाही. पुन्हा कॅन्टीन भरलं, पुन्हा टेस्टरची टकटक झाली. ती उभी राहिली.

"नियम होता तसाच परत ठेवावा, असं मला वाटतं," ती म्हणाली.

काजवाल्या मावशी लगेच म्हणाल्या, "का गं पोरी? आता तुझ्या घरात शिरलं म्हणून?"

सगळे थांबले. मावशी तर तिच्याच बाजूच्या, मागच्या सभेत हात वर न करणाऱ्या. तिला वाटलं होतं, घाव आलाच तर वाफाऱ्याकडून येईल.

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच. नाहीतर मी गप्पच बसले असते. मागच्या वेळी सुद्धा मला नियम ठेवावासाच वाटत होता. तरी उलट बोलले. मी भावाची बाजू घेते, असं तुम्ही म्हणू नये म्हणून. तुम्ही हसलात ते मला गोड लागलं. जे मला विश्वासाने सांगितलं होतं, ते मी तुम्हाला हसवायला वापरलं. त्याने ते ऐकलं आणि आजारपण लपवलं. विम्यासाठीच लपवलं की माझ्या बोलण्यासाठी, ते मला माहीत नाही. विचारायची मला हिंमत नाही."

कुणी हसलं नाही. खाली बसताना तिला खुर्ची सापडेना, शेजारणीने हाताला धरून बसवलं.

मग मात्र खरी चर्चा झाली, मागच्या वेळी झाली नव्हती तशी. मालकाने भर वाढवावी म्हणून त्याच्याकडे जायचं ठरलं. ज्याच्या घरी रोजची औषधं आहेत त्याची वर्गणी वाढवू नये, असं कुणीतरी सुचवलं. तरीही वाफारा विरोधातच राहिला. "आज नाही म्हणता, पुढच्या वर्षी माझीही वाढवाल," तो म्हणाला आणि तोंड न लपवता त्याने हात खालीच ठेवला. नियम थोडक्या मतांनी परत आला. कटिंगची माणसं विम्यात आली. चिमण्याची शस्त्रक्रिया आधीच झाली होती, ती त्यात बसली नाही. पुढच्या निवडणुकीत तिचं नाव कुणी सुचवलं नाही, आणि तिनेही आपण होऊन दिलं नाही.

डोळा वाचला, पण अर्धाच. त्या डोळ्याने आता सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं हलतं, रेषा वाकडी दिसते. कटिंगचं काम त्याच्या हातून आता होणार नाही. भत्ता संपायच्या आत त्याला गाद्या-उशांच्या एका कारखान्यात माल मोजून गाडीत चढवायचं काम मिळालं. पगार कमी आहे. तो कुरकुरत नाही. बहिणीशी पूर्वीसारखाच बोलतो, थट्टाही करतो, आणि ती हसते. पण हसताना तिला त्याच्या त्या डोळ्यात बघवत नाही.

ती अजूनही रविवारी जाते. भावजय दार उघडते, बसायला सांगते, चहा टाकते. ताई म्हणते. कप कानाला धरून देते, सांडू देत नाही. ती विचारते, "कसं चाललंय?"

"बरं चाललंय," भावजय म्हणते.

"आणि तो? झोप लागते ना नीट?"

"बरं आहे सगळं," भावजय म्हणते आणि स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवून बाहेरच्या खोलीत येऊन बसते, जिथे सगळेच बसलेले असतात.